मायक्रोज() बेरजेलाही ४ आणि भागाकारालाही ४ दाखवतं, खरा वेळ कसा मोजायचा?

प्रश्न (यावल):
राम राम मंडळी. केळीच्या ठिबकसाठी कंट्रोलर बनवतोय. आर्डुइनो उनो (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड), १६ मेगाहर्ट्झ, पाण्याचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर वायएफ-एस२०१. इंटरप्टमध्ये (पल्स आला की चालू काम थांबवून चालणारा कोड) पल्स मोजून तिथेच ४५०.० ने (लिटरला ४५० पल्स) भागतो आणि लिटर सिरियलवर छापतो, ९६०० बॉडला. मध्येच पल्स सुटतात. भागाकाराला किती वेळ लागतो ते पाहायला वेगळं स्केच केलं: पल्स = ९००, ओळीच्या आधी-नंतर मायक्रोज(), म्हणजे मायक्रोसेकंदांत वेळ सांगणारं फंक्शन. फरक ४ मायक्रोसेकंद येतो, कधी ८. साध्या बेरजेलाही तेच.

उत्तर (जळगाव):
भाऊ, भागाकार झालेलाच नाही. ९०० थेट लिहिलंत, त्यामुळे कंपायलरने उत्तर आधीच काढून ठेवलं. ते पुढे कुठे वापरलं नसेल तर ओळच उडवली. पल्स आणि लिटर, दोन्ही व्होलाटाइल करा, म्हणजे कंपायलर ती ओळ उडवणार नाही. उनोवर मायक्रोज() ४-४ च्या टप्प्यानेच सरकतं आणि त्या कॉललाही वेळ लागतोच. तुम्हाला दिसतोय तो मोजपट्टीचा वेळ, कामाचा नाही.

टाइमर १ (चिपमधला घड्याळाचे ठोके मोजणारा भाग) वापरा. त्याची सेटिंग टीसीसीआर१ए = ० आधी करायचीच, कारण आर्डुइनोने तो टाइमर पीडब्ल्यूएमसाठी (पिन झटपट चालू-बंद करायला) लावलेला असतो. मग टीसीसीआर१बी = १, म्हणजे प्रीस्केलर (ठोके भागून मोजणी हळू करणारा) नाही, एक मोजणी ६२.५ नॅनोसेकंदांची. नोइंटरप्ट्स(), टीसीएनटी१ (टाइमरची मोजणी) = ०, तुमची ओळ, लगेच टीसीएनटी१ वाचून ठेवा, इंटरप्ट्स(). हेच मधली ओळ काढून एकदा चालवा आणि तो आकडा वजा करा. टाइमर १६ बिटांचा, ४.०९६ मिलिसेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो. त्याहून लांब कामाला ही पद्धत नको. सर्व्हो लायब्ररी असेल तर तीही याच टाइमरवर चालते.

फ्लोट (दशांश) भागाकाराला पाचशेच्या आसपास सायकल, म्हणजे साधारण ३० मायक्रोसेकंद दिसायला हवेत.

उत्तर (धुळे):
चालू प्रोग्राममध्ये बघायचं तर पिन १३ वर-खाली करून लॉजिक अॅनालायझर (पिन कधी चालू-बंद झाला ते टिपणारं यंत्र) लावा. डिजिटलराइट नको, ते स्वतःच काही मायक्रोसेकंद खातं. पोर्टबी |= (१<<५) दोन सायकलींत होतं. २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त अॅनालायझर सुमारे ४२ नॅनोसेकंदांपर्यंतच दाखवतो, त्यामुळे एकेका सायकलचा हिशोब त्यावर करू नका. उनोवर क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर आहे. अर्ध्या टक्क्याचा फरक धरून चाला.

उत्तर (नंदुरबार):
मोजायला शिका, पण पल्स भागाकारामुळे सुटत नाहीत. हा सेन्सर मिनिटाला ३० लिटरला सेकंदाला २२५ पल्स देतो, दोन पल्समध्ये ४.४ मिलिसेकंद. त्यात ३० मायक्रोसेकंद किस झाडाचा पाला! दुखणं सिरियलचं आहे. ९६०० ला एक अक्षर सुमारे १.०४ मिलिसेकंद घेतं. बारा अक्षरांची ओळ म्हणजे साडेबारा. पाठवायची अक्षरं साठवणारा ६४ बाइटचा बफर भरला की प्रिंट इंटरप्टच्या आतच थांबून राहतो. तेवढ्यात तीन पल्स आले तरी चिप एकाचीच नोंद ठेवते.

इंटरप्टमध्ये फक्त पल्स++ ठेवा. भागाकाराची गरजच नाही: २०० लिटर पाणी द्यायचं तर ९०,००० पल्स झाले की व्हॉल्व्ह बंद. हा आकडा इंटमध्ये (लहान पूर्णांकाचा प्रकार) मावत नाही, अनसाइन्ड लाँग (मोठा, चार बाइटचा) घ्या. लूपमध्ये वाचताना इंटरप्ट बंद करून दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उतरवा आणि लगेच चालू करा. चिप ८ बिटांची, चार बाइट एकेक करून वाचते. मध्ये पल्स आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो. छापणं लूपमधून, सेकंदाला एकदा. आणि ४५० हा आकडा छापील आहे, बादलीने मोजून तुमच्या सेन्सरचा काढा.