रब्बी येहुदा अमितल : धर्मगुरूने मंत्री व्हावं का?

सुमेधा_क

धर्मगुरू आणि राजकारण हा विषय निघाला की इस्रायलचे दाखले एकाच साच्यातले येतात. तसूभर जमीन सोडायची नाही म्हणणारे रब्बी, आणि त्यांच्यामागे जाणारे पक्ष. म्हणून आज मुद्दाम येहुदा अमितल यांच्याबद्दल.

जन्म १९२४, ट्रान्सिल्व्हेनियातल्या ओरादियाचा. १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत घुसल्या; ओरादिया तेव्हा हंगेरीकडे होतं. घरची माणसं आउशविट्झमध्ये मारली गेली. हे वेठबिगारीच्या छावणीत होते, म्हणून वाचले. छावणीत जाताना जवळ ठेवलेल्या मोजक्या पुस्तकांत रब्बी कूक या ज्यू विचारवंताच्या विचारांची एक छोटी पुस्तिका होती. त्याच वर्षअखेरीस ते पॅलेस्टाइनला पोहोचले, इस्रायलच्या स्थापनेचं १९४८ चं युद्ध लढले. १९६८ मध्ये त्यांनी हार एत्झियोन ही येशिवा, म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाची पाठशाळा, सुरू केली. तिथली मुलं तोरा हा धर्मग्रंथही शिकतात आणि सैन्यातही जातात. १९७३ च्या योम किप्पूर (अरब-इस्रायल) युद्धात या नवख्या संस्थेचे ८ विद्यार्थी मारले गेले.

त्या वेळी हे युद्ध म्हणजे ज्यूंना देवाने वचन दिलेल्या मुक्तीच्या वाटेवरचा टप्पा आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९८२ च्या लेबनॉन युद्धाने ती डळमळली. पुढे ते जाहीरपणे सांगू लागले की आधी लोक, मग तोरा, मग भूमी; जीव वाचणार असतील तर जमीन सोडता येते. १९८८ मध्ये मेइमाद हा पक्ष काढून निवडणूक लढवली. एकही जागा मिळाली नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये एका धार्मिक तरुणाने पंतप्रधान राबिन यांचा खून केला, तेव्हा नवे पंतप्रधान पेरेस यांनी अमितलना बिनखात्याचे मंत्री केलं. १९९६ च्या मध्यापर्यंत ते पदावर होते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. खुनी स्वतःला धर्मनिष्ठ म्हणवत असताना धर्मगुरूने येशिवात बसून राहणं चूक ठरलं असतं. ते मंत्री झाले हे योग्यच झालं.

रोखठोक

असहमत. हार एत्झियोन आहे कुठे? वेस्ट बँकमध्ये, १९६७ च्या युद्धात हाती आलेल्या भागात. तिथे संस्था उभारायची, तिच्याभोवती वस्ती वाढू द्यायची आणि वीस वर्षांनी तडजोडीची भाषा करायची! ज्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे त्या पॅलेस्टिनींना या मतपरिवर्तनाने काय मिळालं?

सुमेधा_क

@रोखठोक, वस्तीचा मुद्दा मान्य, तो मी टाळणार नाही. पण १९४८ मध्ये त्याच भागातली कफार एत्झियोन ही ज्यू वस्ती पडली तेव्हा तिथल्या लोकांची कत्तल झाली होती, आणि १९६७ नंतर परतणाऱ्यांत त्यांची मुलं होती, हेही त्या जागेच्या इतिहासात आहे. अशा ठिकाणी बसून, आपल्याच विद्यार्थ्यांच्या आईबापांसमोर जमीन सोडण्याची भाषा करणं तेल अवीवमधून करण्याहून कितीतरी अवघड होतं.

अनंत_फंदी_चाहता

मला वेगळीच अडचण दिसते. धार्मिक झायोनिस्ट, म्हणजे धर्म पाळणाऱ्या ज्यू राष्ट्रवादी, मतदारांनी अमितलना नाकारलं. त्याच पंथातले रब्बी हाइम द्रुकमन १९७७ पासून क्नेसेटमध्ये (इस्रायलच्या संसदेत) निवडून येत होते, उपमंत्रीही झाले, आणि ते वसाहतींचे खंदे समर्थक. समाजाचा प्रतिनिधी कोण, हे मतपेटीने ठरवलं. निवडणूक हरलेल्याला नेमणुकीने मंत्री करणं मला पटत नाही. माझी मतं द्रुकमनसारखी नसली तरी मी हेच म्हणेन.

नंदिनी ठाणे

माझा विरोध मुळालाच आहे. धर्मसत्तेला सरकारी अधिकार मिळाले की काय होतं, हे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना विचारा. अलिबाग-पेणकडची, घरात मराठी बोलणारी ही माणसं मोठ्या आशेने तिकडे गेली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथल्या ज्यूंची लग्नं ज्याच्या हाती असतात त्या मुख्य रब्बी कार्यालयाने त्यांच्या लग्नांसाठी आईकडच्या मागच्या पिढ्या तपासायचं फर्मान काढलं. लग्न ठरलेल्या मुलीने आजीचं, पणजीचं ज्यूपण सिद्ध करायचं! लोक जेरुसलेमला धरणं देऊन बसले. १९६४ मध्ये क्नेसेटने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला, तेव्हा कुठे कार्यालय नमलं. अमितल सज्जन असतील, पण व्यवस्था माणसाच्या सज्जनपणावर सोडायची नसते.

सुमेधा_क

नंदिनीताई, हे उदाहरण फार महत्त्वाचं आहे. पण ते लग्नाची किल्ली हातात असलेल्या सरकारी कार्यालयाचं आहे. मेइमादची भूमिकाच होती की धर्म कायद्याने लादू नये.

अमितल एक हसिदी (ज्यू भक्तिपंथातली) गोष्ट नेहमी सांगत. ल्यादीचे रब्बी श्न्यूर झल्मन आतल्या खोलीत अभ्यासात गढलेले. बाहेरच्या खोलीत मुलगाही वाचत बसलेला, आणि शेजारी पाळण्यात त्याचं तान्हं बाळ रडत होतं. मुलाला ऐकूच आलं नाही. आजोबा आतून उठून आले, बाळाला शांत केलं आणि मुलाला म्हणाले, तोरा शिकताना बाळाचं रडणं ऐकू येत नसेल तर त्या शिकण्यात खोट आहे. येशिवा या गोष्टीवर उभी आहे, असं अमितल म्हणत. असा माणूस मंत्रिमंडळात असण्याची मला भीती वाटत नाही.

अनंत_फंदी_चाहता

सत्तेच्या मोहाबद्दल एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगतो. १९७१ मध्ये अमेरिकेहून रब्बी अहरोन लिख्टेनश्टाइन आले, तेव्हा अमितल स्वतःची खुर्ची त्यांना द्यायला तयार होते. शेवटी दोघांनी मिळून संस्था चालवली. माणसाबद्दल माझी तक्रार नाहीच. नेमणुकीबद्दल आहे, आणि ती कायम आहे.

नंदिनी ठाणे

गोष्ट सुंदर आहे, सुमेधा. पण पुढचा रब्बी बाळाचं रडणं ऐकणारा नसेल, तर त्याच खुर्चीवरून त्याला उठवायचं कुणी? याचं उत्तर मेइमादकडेही नव्हतं.