फीनिक्सला (ॲरिझोना) दहा दिवस, राहायचं कुठल्या भागात?

संत्रानगरी:
नमस्कार मंडळी. मुलगा टेम्पीला एएसयूत (ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी) मास्टर्स करतोय, आम्ही दोघं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जातोय. त्याच्या खोलीत चार पोरं राहतात म्हणून आमची सोय वेगळी बघायची आहे. नकाशा उघडला की डोकंच चालत नाही हो, फीनिक्स, टेम्पी, मेसा, चँडलर, स्कॉट्सडेल सगळं एकमेकांना चिकटलेलं, कुठलं गाव कुठं संपतं तेच समजत नाही. ओळखीतली एक जण म्हणते चँडलरलाच राहा, आपली माणसं आहेत, दुसरी म्हणते स्कॉट्सडेल छान. आम्ही दोघंही तिकडे गाडी चालवणार नाही, आणि यांचे गुडघे दुखतात. उन्हाचं काही नाही, आम्ही नागपूरचे. कुठे राहावं ते नीट सांगा.

चँडलरवासी:
ताई, मी ११ वर्षं चँडलरला आहे, इंटेलमुळे इकडे देशी वस्ती मोठी, किराणा, डोसा, चाट सगळं मिळतं आणि मला माझा भाग मनापासून आवडतो. तरीही तुम्ही इथे राहू नका असंच सांगेन. गाडी नसेल तर इथे दूध आणायलासुद्धा कोणाची तरी वाट बघावी लागते. फीनिक्सचं डाउनटाउन इथून ३५ किलोमीटरच्या आसपास, आणि लाइट रेल (रस्त्यावरून धावणारी शहरी रेल्वे) आमच्याकडे येत नाही. तुमच्यासारख्यांनी एकच बघायचं, हॉटेलपासून रेल्वेचं स्टेशन चालत किती. टेम्पीत मिल अव्हेन्यूच्या आसपास नाहीतर फीनिक्समध्ये सेंट्रल अव्हेन्यूवर, या दोनपैकी एक. मुलगा टेम्पीत आहे म्हटल्यावर मी टेम्पीच घेईन. चँडलरला एक दिवस जेवायला या, माझ्याकडेच या.

आणि पत्ता लिहून घेताना एक काळजी घ्या. सेंट्रल अव्हेन्यू म्हणजे शहराचा मधला भांग समजा, त्याच्या पश्चिमेला आकड्यांचे उभे रस्ते ते अव्हेन्यू आणि पूर्वेला ते स्ट्रीट. म्हणजे ३५ वा अव्हेन्यू पण आहे आणि ३५ वा स्ट्रीट पण आहे, आणि दोघांमध्ये बारा-तेरा किलोमीटर! माझे सासरे पहिल्याच आठवड्यात चुकीच्या बाजूला उतरले होते, भर जूनमध्ये, आम्ही सगळे घाबरून गेलो होतो.

टेम्पीतला_पोऱ्या:
काकू मी एएसयूलाच आहे. वरच्या दादांशी १००% सहमत. एअरपोर्टवरून स्काय ट्रेन (एअरपोर्टचीच छोटी गाडी) फुकट आहे, ती ४४ व्या स्ट्रीटच्या स्टेशनला सोडते, तिथून लाइट रेल पकडून सरळ मिल अव्हेन्यूला उतरायचं, सामान घेऊन पण जमतं. संध्याकाळी टेम्पी टाउन लेकच्या काठाने चाला, एकदम सपाट आहे, काकांना त्रास नाही होणार. कॅमलबॅकच्या डोंगराचे फोटो बघून काकांना तिकडे नेऊ नका प्लीज, वरचा टप्पा अक्षरशः हात टेकून चढायचा आहे. त्याऐवजी साउथ माउंटनला डॉबिन्स लुकआउटपर्यंत गाडी वर जाते, सूर्यास्ताला जा, अख्खं शहर दिव्यांचं पसरलेलं दिसतं आणि शेवट दिसतच नाही. टॅक्सी मात्र लागेल, परतीची पण आधीच ठरवा. इथे वेमोच्या बिनड्रायव्हरच्या गाड्या फिरतात, पहिल्यांदा धाकधूक होते पण आई आली तेव्हा तिला त्याच जास्त आवडल्या.

रेलनेच डाउनटाउन करा. हर्ड म्युझियम चुकवू नका, मूळ रहिवाशांच्या विणकामाची, मातीच्या भांड्यांची इतकी मन लावून केलेली मांडणी मी दुसरीकडे पाहिली नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असाल तर संध्याकाळी रूझवेल्ट रो या कलाकारांच्या भागात जा, रस्त्यावर चित्रं, गाणी, खूप गर्दी.

वाळवंटातली_मावशी:
स्कॉट्सडेल सुंदर आहे हे खरं, पण महाग, आणि रेल्वे नाही. ओल्ड टाउन एक सकाळ पुरे. पण डेझर्ट बोटॅनिकल गार्डनला अर्धा दिवस द्याच, सग्वारो निवडुंग (इकडे 'सवारो' म्हणतात) जवळून बघायला मिळतात, त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, त्याच्याखाली उभं राहिलं की आपोआप शांत व्हायला होतं.

उन्हाबद्दल मात्र ताई, नोव्हेंबर आहे म्हणून ठीक. दुपारी पंचविशीच्या आसपास असतं, पहाटे स्वेटर लागतो. पण उन्हाळ्यात नागपूरची सवय इथे धरून चालू नका, २०२३ ला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. घरी फोन करायला सोपं, इथे घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, भारत बाराही महिने साडेबारा तास पुढे.

संत्रानगरी:
किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी, टेम्पीतच मिल अव्हेन्यूजवळ बुक केलं. चँडलरच्या दादांकडे नक्की येऊ. आणखी एकच, आमची काटोलला संत्र्याची बाग आहे, यांना विचारायचंय की तिकडे वाळवंटात काही पिकतं का?

वाळवंटातली_मावशी:
मग काकांना आर्केडियात न्या! कॅमलबॅकच्या पायथ्याचा हा भाग पूर्वी सगळा लिंबू-संत्र्यांच्या बागांचा होता, नंतर घरं झाली पण अंगणातली झाडं लोकांनी ठेवली. अजूनही कितीतरी घरांना कालव्याचं पाणी पाळीने मिळतं आणि अख्खं अंगण पाण्याने भरून सोडतात, आपल्याकडे बागेला मोकळं पाणी देतात ना अगदी तसं. होहोकम या इथल्या प्राचीन मूळ रहिवाशांनी हजारेक वर्षांपूर्वी इथे हाताने कालवे खणले, आजचे काही कालवे त्यांच्याच वाटेने जातात. कालव्याच्या काठाने सकाळी चालायची वाट आहे, सपाट. नोव्हेंबरात फळं रंगावर यायला लागलेली असतात, काका ओळखतीलच.