कूलरच्या घरघरीत अ‍ॅम्बियंट कसं ऐकावं?

प्रश्न (परभणी): पत्र्याच्या खोलीत रात्री कूलर चालू असतो. अ‍ॅम्बियंटमधले, म्हणजे संथ, वातावरण उभं करणाऱ्या संगीतातले, बारीक सूर गडप होतात. शिवाय फाईल पुन्हा सुरू होताना ठेच लागते.

लातूरकर: ठेच बहुधा एमपीथ्रीची. फाईलच्या टोकांना क्षणभर शांतता चिकटते. फ्लॅक (दर्जा न घटवणारा फाईल प्रकार) घ्या, नाहीतर प्लेयरमधलं क्रॉसफेड (एक शेवट विरताना पुढची सुरुवात चढवणारी सोय) ८ सेकंदांवर ठेवा.

नांदेडकर: आवाज वाढवू नका राव, कूलरची गती उतरवा. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा. कोपऱ्यात खर्ज फुगतो अन् वरचा झंकार दबतो. बास बूस्ट बंदच.

बीडकर: मे महिन्यात गती उतरवून झोपून दाखवा! कान झाकणारा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्या. सलग घरघर तो चांगली खातो, पंपाची टकटक नाही. पंपाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला.