‘अन्नमदत’ की ‘उधारी’? शिधा, रसद, खैरात कुठे बसतात?

(नागपूरच्या तीन भागांतल्या तिघांचं बोलणं; नावाऐवजी प्रत्येकाचा भाग दिलाय.)

धरमपेठ : श्रीलंकेच्या 2022 च्या आर्थिक संकटावर टिपण लिहितोय. डॉलरचा साठा आटला, एप्रिलमध्ये परकीय कर्जाची फेड थांबवली, त्याच सुमारास भारतातून धान्य-औषधं गेली. या सगळ्याला ‘अन्नमदत’ म्हणू का? सर म्हणतात ‘अन्नसाहाय्य’ लिही.

इतवारी : साहाय्य म्हणजे मदतच, जरा कागदी. घोळ दुसरीकडे आहे. मार्च 2022 मध्ये स्टेट बँकेमार्फत 1 अब्ज डॉलरची सोय झाली ती अन्न, औषधं, गरजेचा माल घेण्यासाठी, आणि ती रक्कम फेडायची होती. आमच्या दुकानात याला उधारी म्हणतात : माल आज न्या, खात्यावर मांडतो. तमिळनाडूचं तसं नाही. मे महिन्यात चेन्नईहून पहिलं जहाज सुटलं, त्यात 9,000 टन तांदूळ, 200 टन दूध पावडर आणि औषधं. त्याचं बिल फाडलं नाही. ती मदत.

धरमपेठ : मग पहिल्याला ‘उसनवारी’?

महाल : नाही हो. उसनं म्हणजे वाटीभर साखर नेली की वाटीभर साखरच परत. इथे तांदूळ परत यायचा नव्हता. छापायला ‘पतपुरवठा’ बरा. ‘रसद’ फौजेची, ती सोडा. ‘खैरात’ तर नकोच. त्यात देणाऱ्याचा तोरा दिसतो.

धरमपेठ : आणि शिधा? ‘आनंदाचा शिधा’ निघाला होता ना आपल्याकडे?

महाल : शिधा म्हणजे घराच्या वाट्याचा कोरडा जिन्नस. जहाजभर तांदळाला शिधा कोण म्हणेल? कोलंबोत त्याच्या पिशव्या भरून घरोघर दिल्या, तर त्या पिशवीला म्हणा. घेणाऱ्याचा शब्द पुन्हा वेगळाच असतो. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून लाल ज्वारी आली, तिला लोक ‘मिलो’ म्हणत; रेशनवर पैसे मोजून घ्यायची, चवीला शिव्या द्यायच्या. दुष्काळी कामावर कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा, ती ‘सुकडी’. ‘अन्नसाहाय्य’ मी तेव्हा कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

धरमपेठ : असं लिहू? “भारताने पतपुरवठ्यातून श्रीलंकेला धान्य दिले, तमिळनाडूने तांदळाची मदत पाठवली.”

इतवारी : ‘धान्य दिले’ वाचून फुकट वाटतं. ‘धान्य घेण्याची सोय करून दिली’ लिहा.