किन्शासा-ब्राझाव्हिल: पूल नसलेल्या नदीवरचा धंदा
किन्शासा ही काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी, ब्राझाव्हिल ही शेजारच्या काँगो प्रजासत्ताकाची. दोन राजधान्या समोरासमोर, मध्ये काँगो नदी आणि तरी पूल नाही, याचं कारण फक्त पैसा, असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं. पैसा आहेच, पण किन्शासाच्या देशातल्या मटाडी बंदराचा (समुद्रातली जहाजं इथवरच येतात) प्रश्नही आहे. किन्शासाच्या खाली धबधबे लागतात, जहाजं पुढे जात नाहीत, म्हणून १८९८ मध्ये मटाडी ते किन्शासा रेल्वे पूर्ण झाली. पलीकडे ब्राझाव्हिलच्या बाजूला राज्य करणाऱ्या फ्रेंचांनी १९३४ मध्ये ब्राझाव्हिलपासून पॉइंट-न्वार या समुद्रबंदरापर्यंतची लाइन पूर्ण केली. पूल झाला तर माल तिकडे वळेल, अशी किन्शासावाल्यांना जुनी धास्ती.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. किन्शासाकडचा हुकूमशहा मोबुटूच्या काळात अपंगांना नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीच्या भाड्यात आणि जकातीत सवलत मिळाली. मग काय, नदीपारचा बराचसा किरकोळ व्यापार त्यांच्याच हाती आला! हाताने पॅडल मारायच्या तीनचाकी सायकलींना वेल्डिंग करून लांबरुंद सांगाडे जोडलेले, त्यावर मालाची चळत, वर मालक बसलेला आणि मागून ढकलायला दोन-तीन धडधाकट पोरं. एरवी ज्यांना रोजगार कुणी देत नाही, त्यांनीच इतरांना रोजगार दिला. (सरकारने हे ठरवून केलं असेल असं मला तरी वाटत नाही.) फेरीबोट बंद पडली की पहिला फटकाही यांनाच. २०१४ मध्ये ब्राझाव्हिलने किन्शासाकडच्या देशातून आलेल्या लाखाहून जास्त लोकांना हाकललं, त्यानंतर ये-जा आटली आणि यांच्या धंद्याला मोठी खीळ बसली.