मदत हवी आहे: गरम झाली की गाडी मिसिंग मारून राहिली, पिकअप पार गेला

सक्करदरा_८००: मंडळी, लवकर सांगा कोणी. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते पण पिकअप नाहीच, अन् नागपूरच्या वर्धा रोडवर खापरीच्या पुढे गेलं की मिसिंग चालू, सायलेन्सरमधून फटाके, मग बंद. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. प्लग नवे टाकले, कार्बोरेटर साफ केला, फिल्टर बदलला. आईला दवाखान्यात न्यायचं असते, भर उन्हात तिला घेऊन रस्त्यात उभं राहायची हिंमत नाही होत आता.

मानकापूरकर: गाडी कोणती भाऊ? नावावरून मारुती ८०० समजून राहिलो. साल सांगा, अन् हे सुरू व्हायच्या आधी काय काम केलं होतं ते पण.

ओम्नीवाला: कॉइल, म्हणजे प्लगच्या स्पार्कला करंट देणारी! गरम झाली की आतली तार उघडते, स्पार्क मरते, थंड झाली की परत येते. मागच्या उन्हाळ्यात माझ्या ओम्नीचं सेम. घाट रोडवर जा, कॉइल घ्या, मोकळे व्हा.

बुटीबोरी_डेली: ४५ डिग्रीत वेपर लॉक होते हो, पाइपात पेट्रोलची वाफ होऊन अडते. इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओला फडका टाकून पाहा, लगेच चालू होईल.

ओम्नीवाला: पेट्रोल पोचतच नसेल तर सायलेन्सरमध्ये फटाके कायचे? न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटते, म्हणजे पेट्रोल आहे, स्पार्क चुकून राहिला.

नवी_गाडी: इतकी जुनी गाडी ठेवताच काऊन? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओचे चकरा. विका अन् सीएनजीची घ्या.

सक्करदरा_८००: विकायची नाही, बाबांची गाडी आहे. ९८ ची ८००, कार्बोरेटरवाली. टायमिंग बेल्ट टाकला होता एवढ्यातच, पण ते काम झालं ना, त्याचा काय संबंध?

मानकापूरकर: अहो तेच तर आधी सांगायचं होतं! पिकअप बेल्टनंतरच गेला ना? गाडी थंड असतानाही नाही ना? मग तो कॉइलचा आजार नाही, कॉइल वेगळी पाहू. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा) कॅमशाफ्टवरूनच (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरते, अन् कॅमशाफ्ट टायमिंग बेल्टवर. बेल्ट एक दात चुकला की व्हॉल्व्हही चुकतात अन् स्पार्कही. मग मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून स्पार्क जागेवर आणते, गाडी सुरू होते, आयडलिंगला बरी वाटते, पण व्हॉल्व्ह चुकलेलेच राहतात. कितीही कार्बोरेटर साफ करा, ओढणार नाही. बेल्टचं कव्हर काढा, प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरते, खालची पुली पान्याने हाताने २ पूर्ण फेरे फिरवा अन् वरच्या-खालच्या दोन्ही पुलींच्या खुणा एकाच वेळी जुळतात का पाहा. बेल्ट बसल्यावर मगच टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर सेट करायचा, उलट नाही.

बुटीबोरी_डेली: प्लगच्या वायरी उलट लागल्या असतील. स्पार्कचा क्रम १-३-४-२ पाहा.

मानकापूरकर: ते ४ सिलिंडरचं भाऊ. ८०० ला ३ सिलिंडर, १-३-२. अन् वायरी उलट असत्या तर सकाळी पण धड चालली नसती.

सक्करदरा_८००: कव्हर खोललं आज. खालची खूण जुळली तर वरची एक दात मागे आहे. मेकॅनिक म्हणते एका दाताने काही होत नाही. आता त्याच्याकडेच नेऊ का दुसरीकडे? अन् रस्त्यात बंद पडते त्याचं काय?

मानकापूरकर: होते, सगळा पिकअप त्या एका दातातच आहे. खूण तुमच्या डोळ्यासमोर जुळवून घ्या, कोणीही करो. त्याच वेळी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून त्याच्या व्हॅक्यूमच्या पाइपातून तोंडाने हवा ओढून पाहा, आतली प्लेट हलली पाहिजे अन् जीभ लावून धरली की तिथंच थांबली पाहिजे. परत आली तर आतला रबरी पडदा (डायफ्राम) फाटला. झाकणात आतून केसासारखी काळी रेघ दिसली तर झाकणही बदला.

ओम्नीवाला: अन् एक जुना प्लग डिक्कीत ठेवा. बंद पडली की तिथंच प्लगच्या वायरीला लावून, इन्सुलेशनवाल्या पक्कडीने इंजिनच्या लोखंडाला टेकवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, पेट्रोल कुठं गळत नाही ना हे आधी पाहून. जाड निळा स्पार्क आला तर माझं चुकलं. बारीक पिवळा किंवा काहीच नाही, अन् थंड झाल्यावर परत जाड, तर कॉइल किंवा तिच्या बाजूचं इग्नायटर. आईला मात्र तोवर ऑटोनेच न्या.