मदत हवी आहे: तोक्योत खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार, भेटायला जाऊ की नको?

मंडळी, जपानमध्ये राहणाऱ्यांनी किंवा राहून गेलेल्यांनी जरा सांगा.

आम्ही निशी-कासाईत राहतो. तोझाई लाईनवर, आसपास इतके भारतीय की कढीपत्त्याचीसुद्धा ददात नाही. लोखंडी सांगाड्याची जुनी इमारत, तिसरा मजला, दोन खोल्या. मुलगा तीन वर्षांचा, म्हणजे चालणं माहीत नाही, फक्त पळणं. मे महिन्यात सासूबाई कराडहून ९० दिवसांच्या व्हिसावर आल्या आहेत.

गेल्या आठवड्यात टपालपेटीत इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा कागद आला. कुणाचं नाव नाही, खोलीचा नंबर नाही, सगळ्यांच्याच पेटीत टाकलेला. घरातल्या वावराच्या आवाजाबद्दल काळजी घ्यावी, रात्री धावण्याचे आवाज येतात, आणि पहाटे पाचच्या सुमारास 'दोन्दोन' असा ठोकल्याचा आवाज येतो. नवऱ्याने वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "दोन कशाला? मी एकदाच कुटते!"

तर हो, ते आम्हीच. जूनमध्ये इथे साडेचारला उजाडतं. उजेड आला की त्या उठतात आणि स्वयंपाकघरात खाली बसून खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटतात. मिक्सर आहे, पण गावाकडून आणलेला २३० व्होल्टचा. इथल्या १०० व्होल्टवर तो नुसता घुरघुरतो.

खाली एक वयस्कर बाई एकट्या राहतात. जिन्यात भेटल्या की वाकून नमस्कार, "आज उकडतंय ना" एवढंच. कालही तशाच हसल्या. तक्रार त्यांचीच असणार असं मला वाटतंय, आणि त्या हसण्याने जास्तच अपराधी वाटतं. मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला जावं का? की न बोलता आवाज बंद करावा? कुकरच्या शिट्ट्यांचंही टेन्शन आलंय. ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांचा करार संपतो, नूतनीकरण नाकारतील का?

प्रतिसाद, जुनीतोक्योकर:
लगेच डबा घेऊन जाऊ नका. कागद बिननावाचा आहे तो मुद्दाम. तक्रार करणाऱ्याचं नाव झाकलं जातं आणि तुमचीही अब्रू राहते. तुम्ही दारात उभ्या राहिलात तर त्या बाईंना "मीच तक्रार केली" हे कबूल करावं लागेल, आणि कदाचित केलीही नसेल. लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत आवाज तिरका जातो, मला एकदा शेजारच्या खोलीतला आवाज डोक्यावरून येतोय असं वर्षभर वाटत होतं. आधी कंपनीला फोन करा: कागद मिळाला, घरात लहान मूल आहे, उपाय करतोय. बाकी निरोप ते पोचवतील.

कुकरची शिट्टी हवेतून जाते, दिवसा फारसं कुणी मनावर घेत नाही. खलबत्त्याचा ठोका थेट फरशीत उतरतो, खरा त्रास तो. खाली बसून कुटणं बंद, जाड घडीवर ठेवूनसुद्धा नको, निदान सकाळी नऊपर्यंत. इवातानी कंपनीचा मिल्सर, म्हणजे छोटा मिक्सर घ्या, इथलाच १०० व्होल्टचा. चटणी, ओलं खोबरं, वाटण, सगळं होतं.

प्रतिसाद, ओसाकाचापाहुणा:
वरच्यांशी अर्धा सहमत. आम्ही गेलो होतो आणि फायदाच झाला. पण 'तक्रारीबद्दल माफी' म्हणून नाही. "घरात लहान मूल आहे, आवाज होत असेल, सांभाळून घ्या" इतकंच म्हणालो. खरं तर घर बदलल्याबरोबर दोन्ही बाजूंना, वर आणि खाली असं भेटून यायचं असतं. आपण कुणी करत नाही, मग दोन वर्षांनी डबा घेऊन धावतो.

घरचे लाडू नेऊ नका. प्रेमाने केलेले असले तरी अनोळखी माणसाच्या हातचं खाणं त्यांना अवघड जातं. डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून बिस्किटांचा, एकेक सुटं पाकीटबंद असलेला डबा. हजार येनच्या आसपासचा. महागडा दिलात तर त्यांना परतफेडीचं ओझं.

प्रतिसाद, जुनीतोक्योकर:
कराराचं राहिलं. तुमचा साधा करार असेल तर नूतनीकरण नाकारायला मालकाला सबळ कारण लागतं, एका कागदावरून कुणी बाहेर काढत नाही. पण करारावर 'तेइकि' म्हणजे मुदतबंद असं लिहिलंय का ते आजच बघा. तसं असेल तर मुदत संपली की करार संपला. पुढे कधी घर बदललंत तर यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या वसाहती पाहा: जामीनदार नाही, रेइकिन (मालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम) नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार. करार साधा निघाला, हुश्श. कंपनीला फोन केला, पलीकडची मुलगी इतकी ओशाळली की शेवटी मीच तिची समजूत घातली. नितोरीतून जोडायच्या फोमच्या चटया आणल्या, मुलाच्या खोलीत दोन थर. मिल्सर परवा आला. सासूबाईंना तो पटलेला नाही, "चटणीला तेल सुटत नाही" म्हणतात (खरंच सुटत नाही), पण नऊ वाजेपर्यंत थांबतात आणि नंतर ओट्यावर टॉवेलच्या घडीवर हळूहळू दोन घाव घालतात. फरशीपेक्षा बरं.

ओसाकावाल्यांच्या सल्ल्याने रविवारी खाली जाणार आहोत, चौघंही. डब्यावरच्या नोशीच्या, म्हणजे भेटीवर लावतात त्या कागदावर आडनाव कोणत्या लिपीत लिहायचं?

प्रतिसाद, ओसाकाचापाहुणा:
कताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत. टपालपेटीवर जसं आहे तसंच.

मूळ धागाकर्ती:
पेटीवर 'ळ'चा 'रु' झालाय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.